मुलीसाठी पहिलं आरसी विमान घ्यायचंय, बजेट दहा हजार. कोणतं घ्यावं?

गोदाकाठची

नमस्कार. माझी मुलगी आठवीत आहे. आम्ही नाशिकचे, त्यामुळे ओझरच्या सुखोईंचा आवाज तिला रांगत्या वयापासून ओळखीचा. १७ ऑक्टोबर २०२५ला नाशिकमध्ये तयार झालेलं पहिलं तेजस एमके-१ए उडालं, त्या दिवशी ती बातम्यांसमोरून उठली नाही. लगेच दिवाळी आली, भाऊबीजेला मामाने हातावर पैसे ठेवले. साठवलेले धरून दहा हजार झालेत आणि तिला रिमोटवर उडणारं तेजस हवंय.

मागच्या वर्षी मी घाईघाईत एका संकेतस्थळावरून अडीच हजारांचं विमान मागवलं होतं. पंखांवर दोन चिमुकल्या मोटारी, बाकी काहीच हलत नव्हतं. झुळूक आली की ते वारा नेईल तिकडे जायचं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या गच्चीवरच्या टाकीवर आदळलं आणि पंख मुळापासून गेला. पोर रडली नाही, पण दोन दिवस गप्प होती. यावेळी जाणत्यांना विचारल्याशिवाय एक रुपया खर्च करायचा नाही असं ठरवलंय.

तेजससारखं दिसणारं किट मिळतं, ते घ्यावं का? तयार विमान बरं की जोडायचं? रिमोट त्यातच येतो की वेगळा घ्यावा लागतो? आणि उडवायचं कुठे? घरात इलेक्ट्रॉनिक्स कोणालाच येत नाही. मी शिवणकाम करते, त्यामुळे कागदावरचं माप कापडावर उतरवणं, पट्टी-कटर चालवणं हे हातात बसलेलं आहे. त्याचा उपयोग होत असेल तर सांगा.

उंचभरारी

ताई, तेजस आत्ता नको. तिचा हिरमोड होऊ नये म्हणून कारण नीट सांगतो, तिलाही वाचून दाखवा.

तेजसचा पंख त्रिकोणी. शेपटीला वेगळा आडवा पंख नाही, त्यामुळे नाक वर-खाली करणं आणि कूस बदलणं ही दोन्ही कामं पंखाच्या मागच्या कडेलाच करावी लागतात. लहान मॉडेलमध्ये असा पंख हवेत टिकायला वेग मागतो. वेग आला की विचार करायला वेळ उरत नाही. नवशिक्याच्या हातून चूक होतेच, फक्त ती सुधारायला दोन-तीन सेकंद मिळायला हवेत. जेटमध्ये अर्धासुद्धा मिळत नाही.

दुसरं कारण मला जास्त मोठं वाटतं. साठ-सत्तर मीटरवर गेलेलं करडं त्रिकोणी विमान आपल्याकडे येतंय की लांब चाललंय हेच कळत नाही. माझं पहिलं विमान असंच होतं, डेप्रॉनचं (हलक्या फोमच्या शीटचं) लढाऊ विमान. ते दूर चाललंय असं समजून मी वळवत राहिलो आणि ते माझ्याच मागच्या उसात घुसलं. ऊस तोडणीला आला तेव्हा सापडलं.

तेजस तिचं तिसरं विमान असू द्या.

साधा_स्क्रू

उंचभरारी यांना अनुमोदन. आता घ्यायचं काय ते बोलू. कंपनीच्या नावाआधी विमानाची ठेवण बघायला शिका, म्हणजे दुकानदार काहीही म्हणाला तरी तुम्हाला कळेल.

पंख धडाच्या वर बसलेला हवा. वजन पंखाखाली लोंबतं, त्यामुळे विमान आपणहून सरळ व्हायला बघतं. समोरून पाहिलं तर दोन्ही पंखांची टोकं थोडी वर उचललेली हवीत, याला डायहेड्रल म्हणतात. एक बाजू कलली की विमान त्या बाजूला थोडं घसरतं, खालच्या पंखाला जास्त उचल मिळते आणि तो परत वर येतो. हात स्टिकवरून काढला तर विमान स्वतःला सावरतं ते या ठेवणीमुळे. पंखाचा छेद खालून जवळजवळ सपाट आणि वरून फुगीर असावा, तसा पंख सावकाश उडतानाही धरून ठेवतो.

मग भार बघा. पंखाची लांबी गुणिले रुंदी, त्याने वजनाला भागायचं. १२० सेंमी लांब आणि २० सेंमी रुंद पंख म्हणजे २,४०० चौ. सेंमी, म्हणजेच २४ चौ. डेसिमीटर. उडायला तयार विमानाचं वजन ७२० ग्रॅम असेल तर भार आला ३०. पहिल्या विमानाला ३०च्या आसपास किंवा त्याहून कमी उत्तम. तेवढ्याच वजनाचं पण निम्म्या पंखाचं जेट घेतलंत तर भार ६० होतो, आणि हवेत टिकायला लागणारा किमान वेग सुमारे १.४ पट होतो. उतरवताना हाच फरक जिवावर येतो. दुकानात लांबी आणि वजन दोन्ही छापलेलं असतं, तिथल्या तिथे हिशोब करता येतो.

चॅनल, म्हणजे रिमोटवरून हलवायच्या गोष्टी, तीन पुरेत: थ्रॉटल (मोटारीचा जोर), एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी) आणि रडर (डावं-उजवं वळवणारी शेपटीची उभी पट्टी). डायहेड्रल असलेलं विमान रडरवर छान वळतं. एक काम मात्र नक्की करा. रडरचा सर्व्हो (पट्टी हलवणारी छोटी मोटार) रिसीव्हरच्या (रिमोटचा संदेश घेणाऱ्या विमानातल्या डबीच्या) चार नंबरात लावू नका, एक नंबरात लावा, म्हणजे वळवणं उजव्या स्टिकवर येईल. पुढे एलेरॉनचं, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला हलत्या पट्ट्या असलेलं, विमान घेतलं की वळवायचं बोट तेच राहतं, नव्याने सवय करावी लागत नाही.

आणि पंख धडाला चिकटवलेला नको, रबरबँडने बांधलेला हवा. आपटलं की पंख सुटून बाजूला पडतो, मोडत नाही. बँड परत चढवले की विमान तयार.

मुळशीकर

माझं मत थोडं वेगळं आहे. घरात कोणाला इलेक्ट्रॉनिक्स येत नाही असं ताई स्पष्ट लिहितायत. अशा वेळी सोल्डरिंग, सर्व्होची दिशा, वजनाचा मध्य, हे सगळं एकदम अंगावर आलं की उत्साह बसायला वेळ लागत नाही. मी पन्नाशीत हा छंद धरला. तयार फोमचं विमान घेतलं, आत जायरो होता, स्टिक सोडली की आपोआप आडवं होणारा. पहिल्याच रविवारी विमान उडवून सुखरूप खाली आणलं. तो आनंद मिळाला म्हणूनच आज पाच वर्षांनी मी या छंदात आहे.

दुकानात आद्याक्षरं दिसतील ती समजून घ्या. आरटीएफ म्हणजे रिमोट, बॅटरी, चार्जर सगळं पेटीत. बीएनएफ म्हणजे रिसीव्हर आत, पण त्याला जुळणारा रिमोट आपला. पीएनपी म्हणजे मोटार आणि सर्व्हो बसवलेले, रिसीव्हर-बॅटरी आपली. नुसतं किट म्हणजे तुकडे आणि नकाशा. अॅप्रेंटिस किंवा एरोस्काउट ही नवशिक्यांसाठी नावाजलेली विमानं, पण आपल्याकडे पोचेपर्यंत दहा हजारांच्या पलीकडे जातात. बजेट थोडं वाढवता आलं तर विचार करा.

साधा_स्क्रू

मुळशीकर, तुमचा मुद्दा मान्य. जायरोने पहिला रविवार वाचतो. पण माझी काळजी पाचव्या रविवारची आहे. तयार विमानाचं नाक फुटलं, मोटारीचा माउंट निखळला, की सुटा भाग मागवा आणि वाट बघा. माझ्या ओळखीची दोन मुलं नेमकी इथेच थांबली, विमानं अजून माळ्यावर आहेत. घरी कापून केलेलं विमान संध्याकाळी तुटलं तर रात्री जेवणानंतर नवं नाक कापून सकाळी परत मैदानावर. मुलगी तेरा वर्षांची आहे, ती विमान पाडणार, आणि पाडायलाच हवं. मग ते आपल्या हाताने सांधता येईल असंच घ्या. आई शिवणकाम करणारी आहे, यापेक्षा मोठी जमेची बाजू कोणती?

जुना_कॅडेट

ताई, मी एनसीसीच्या एअर विंगचा. आमच्या वेळी रेडिओ कुठला परवडायला? कंट्रोल लाइनची विमानं उडवायचो. डिझेल इंजिन, दोन पोलादी तारा, हातात मूठ, आणि विमान आपल्याभोवती गोल फिरायचं. चक्कर येऊन पोरं आडवी व्हायची, पण एलेव्हेटर म्हणजे काय ते मनगटाला कळायचं. बाल्साची (अगदी हलक्या लाकडाची) फळी ब्लेडने कापताना रेषा कुठून जाते हे बघत आम्ही तासन् तास बसायचो. पुढे नोकरीत यंत्रांशी संबंध आला तेव्हा ती नजर कामाला आली.

पहिलं विमान बाल्साचं मात्र करू नका, हे मी बाल्सावर प्रेम असूनही सांगतो. पन्नास तास खपून केलेलं विमान मुलगी हातात घेणारच नाही, मोडेल या भीतीने. फोमचं तिला बिनधास्त उडवता येईल.

साहित्याबद्दल: आपल्याकडे स्टेशनरीत मिळणाऱ्या फोमबोर्डला दोन्ही बाजूंनी कागद असतो, तो जड पडतो. धडाला चालेल, पंखाला ५ मिमीची डेप्रॉनसारखी हलकी शीट बघा. दुकानांच्या पाट्या करतात ती सनपॅक शीट मोडत नाही, पण वजनदार. ती फक्त पोटाखाली घासपट्टी म्हणून लावा. पंखाच्या कण्याला कार्बन रॉड. पुशरॉडला (सर्व्होपासून पट्टीपर्यंत जाणाऱ्या काडीला) सायकलचा जुना स्पोक घ्या, टोकाला पक्कडीने झेडसारखी घडी घातली की सर्व्होच्या भोकात अडकून बसतो, निसटत नाही.

थर्माकोलवर फेविक्विक लावू नका, खाऊन टाकतं. हे मी नातवाच्या पहिल्या पंखावर करून बसलो. चिकटवल्या जागी डोळ्यांदेखत खड्डा पडत गेला आणि पोर माझ्याकडे बघत राहिलं.

गोदाकाठची

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, खूप आधार वाटला. काल रात्री दोघींनी बसून वाचलं. तेजसचं कारण तिला पटलं. ती म्हणाली, "ते कुठे तोंड करून आहे हेच कळत नसेल तर उडवणार कसं?" तिसरं विमान तेजस, असं तिने वहीत लिहून ठेवलंय.

आम्ही घरी बनवायचं ठरवतोय. पण मोटार, बॅटरी, रिमोट यांची यादी बघितली की माझी छाती दडपते. नेमकं काय घेऊ?

साधा_स्क्रू

दहा हजारांतला जवळजवळ निम्मा पैसा रिमोटवर जाऊ द्या. विमानं येतील-जातील, रिमोट पुढची कितीतरी वर्षं तोच राहील. फ्लायस्काय एफएस-आय६ हा सहा चॅनलचा, रिसीव्हरसकट साडेचार-पाच हजारांत मिळतो. मोड २ मागा, म्हणजे थ्रॉटल डाव्या हाताला, आपल्याकडे बहुतेक जण तोच वापरतात. जुना सीटी६बी स्वस्तात दिसेल, पण त्याची प्रत्येक सेटिंग संगणकाला जोडून बदलावी लागते. मैदानावर सर्व्हो उलटा निघाला तर काय करणार?

मोटार २२१२, १००० केव्ही. केव्ही म्हणजे एका व्होल्टला मिनिटात किती फेरे. त्यावर १०४५ प्रॉपेलर, दोन नको, पाच-सहा घ्या. ३० अँपिअरचा ईएससी, म्हणजे मोटारीचा वेग कमी-जास्त करणारा भाग. ९ ग्रॅमचे सर्व्हो दोन पुरतात, तीन घ्या, कारण प्लास्टिकचे दाते एक दिवस तुटतातच. बॅटरी ११.१ व्होल्टची ३एस (तीन सेलची) लायपो (लिथियम पॉलिमर), २२०० एमएएच. साधा बी३ चार्जर सावकाश भरतो, अडीच-तीन तास लागतात, पण सेल सारखे ठेवतो. हे सगळं मिळून चार हजारांच्या आत-बाहेर. उरलेले फोम, ग्लूगन आणि रबरबँडला.

लायपोबद्दल हात जोडून सांगतो, कारण घरात मूल आहे. भरत असताना घराबाहेर जायचं नाही, रात्री लावून झोपायचं नाही. वाळू घातलेल्या मातीच्या कुंडीत ठेवून भरायची. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला भरतो. उडवून झाल्यावर सेलमागे ३.७च्या आसपास राहील असा मोबाईलवर गजर लावा, सुरुवातीला सहा मिनिटांचा. आठवडाभर उडवणार नसाल तर ३.८वर ठेवा. फुगलेली बॅटरी परत वापरायची नाही, कितीही नवी असली तरी.

प्रॉपेलर सगळ्यात शेवटी, मैदानावर लावायचा. घरात सर्व्हो जुळवताना मोटारीला पातं नको म्हणजे नको. दहा इंचांचं पातं बोट हाडापर्यंत कापतं. मोटार उलटी फिरली तर तिच्या तीन वायरींपैकी कुठल्याही दोन अदलाबदल करा, झालं काम.

वऱ्हाडी_वारा

एक अनुभव. मे महिन्यात मैदानावरून आल्यावर विमान गाडीच्या मागच्या काचेखाली राहिलं. अकोल्याचं ऊन. दुपारी बघतो तर ग्लूगनने चिकटवलेली मोटारीची फळी तिरकी होऊन लोंबत होती, पंखाचा कणा सरकला होता. हॉट ग्लू उन्हात मऊ पडतो, कडक थंडीत ठिसूळ होतो. मोटारीच्या फळीला म्हणून इपॉक्सी लावा आणि बांबूच्या दोन काड्या आरपार घाला. बाकी ठिकाणी ग्लूगन चालतो.

तुमच्याकडे निफाड पट्ट्यात पहाटे बराच गारठा असतो. गार बॅटरी जोर देत नाही. उडवायच्या आधी स्वेटरच्या खिशात ठेवा.

सडामाळ

मी रत्नागिरीचा, आमच्याकडे सडे आहेत, मोकळी जागा हवी तेवढी, पण जांभा. पोटावर उतरवलं की खवणीवर नारळ खवल्यासारखा फोम निघतो. ताई, जागा बघताना गवत बघा. चाकं लावू नका, नवशिक्याला गवतात चाकांचा त्रासच जास्त. हाताने सोडायचं, पोटावर उतरवायचं.

मुळशीकर

जागेचं आणि नियमांचं मी सांगतो, कारण नाशिकमध्ये हे हलक्यात घेऊन चालणार नाही. ओझरचा हवाई तळ, गांधीनगरचं लष्करी विमानतळ, देवळालीचा तोफखाना, एवढ्या संरक्षण दलांच्या जागा एका शहराभोवती आहेत.

ड्रोन नियम २०२१ मध्ये आपली विमानंही येतात. शिक्षण किंवा छंदासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेलं २५ किलोपर्यंतचं यान म्हणजे मॉडेल. वजनाप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे दोन किलोपर्यंत मायक्रो. तुमचं सातशे ग्रॅमचं विमान मायक्रोत बसतं. व्यवसायासाठी नसलेल्या मायक्रोला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. म्हणून नोंदणीही लागत नाही असं मात्र धरून चालू नका, ओळख क्रमांकाचा नियम वेगळा आहे, तो वाचून घ्या.

डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे आहेत. हिरव्यात १२० मीटरपर्यंत उडवायला परवानगी लागत नाही, विमानतळापासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटर होते. पिवळ्यात आणि लाल पट्ट्यात परवानगीशिवाय जायचंच नाही. शिवाय पोलीस आयुक्त अधूनमधून मनाईचे आदेश काढतात. मुंबईत तर अशा आदेशांत ड्रोनबरोबर रिमोटवरच्या विमानांचाही उल्लेख असतो. शहरापासून लांब, ओळखीच्या माणसाचं रिकामं शेत शोधा, नकाशावर ते हिरव्यात आहे का बघा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात एकदा सांगून या.

जुना_कॅडेट

आणि संक्रांतीच्या आगेमागे आठ-दहा दिवस उडवू नका. येवल्याचा पतंगोत्सव तर तुमच्या जिल्ह्यातलाच. मांजा दिसत नाही, पण प्रॉपेलरला गुंडाळला की मोटार जागच्या जागी अडकते. झाडांना लोंबणारा मांजा पुढेही महिनाभर राहतो.

ह्यूस्टनवासी

इथे अमेरिकेत असल्यामुळे सोय वेगळी आहे. १९३६ पासूनची एएमए ही मॉडेल विमानांची संघटना आहे, तिच्या मैदानावर कोणी ना कोणी शिकवणारा असतो. दोन रिमोट जोडतात. शिकणारा उडवतो, चुकला की शिकवणारा खटक्यावरून बोट उचलतो आणि ताबा त्याच्याकडे येतो. माझा मुलगा असाच शिकला, पहिल्या दहा उड्डाणांत विमानाला ओरखडासुद्धा नाही. इथेही २५० ग्रॅमच्या वर नोंदणी आहेच, आणि एक छोटी परीक्षा तर छंदासाठी उडवणाऱ्या सगळ्यांनाच.

ताई, मैदानावर अनुभवी माणूस भेटला तर संकोच न करता पहिली दोन उड्डाणं त्याला करू द्या. नवं विमान जुळवून घेणं आणि उडवायला शिकणं, दोन्ही एकाच सकाळी एकाच माणसाने करू नये.

उंचभरारी

विमान तयार होईपर्यंत मुलीला सिम्युलेटरवर बसवा. फोनवर पिकासिम फुकट आहे. एफएस-आय६ यूएसबी केबलने संगणकाला जोडला की हातात खरा रिमोटच येतो.

सगळ्यात अवघड काय तर विमान आपल्याकडे तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटं होतं. त्यावर मला एका काकांनी सांगितलेली युक्ती: जो पंख खाली गेलेला दिसतोय, स्टिक त्याच बाजूला सरकव. खालून हात देऊन पंख उचलतोय असं समज. मला ती सांगितल्या दिवशी कळली नाही, पण सिम्युलेटरवर आठवडाभरात बोटात उतरली. रोज वीस मिनिटं करू द्या. दोन-दोन तास नको.

गोदाकाठची

पाच आठवड्यांनी लिहितेय, माफ करा. सामान यायलाच दहा दिवस गेले. नकाशा आम्ही वर्तमानपत्रावर काढला, मग गळ्याचा आकार काढतो तसा अर्धा काढून घडी घालून कापला, त्यामुळे दोन्ही पंख अगदी सारखे झाले. पंखाची लांबी १२० सेंमी. वजन बॅटरीसकट ७४० ग्रॅम आलं, म्हणजे भार ३१च्या आत, हिशोब तिनेच केला. वजनाचा मध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून साडेपाच सेंमीवर आणायला बॅटरी नाकात आणखी पुढे ढकलावी लागली. दोन बोटांवर तोलून धरलं तेव्हा नाक किंचित खाली, अगदी हवं तसं.

सोल्डरिंग गल्लीतल्या मोबाईल दुरुस्तीवाल्या दादाने करून दिलं, पैसे घेतले नाहीत. मात्र विमान उडताना बघायला बोलवायचं, ही अट घातली.

काल सिन्नरकडे माझ्या चुलतभावाच्या शेतात गेलो. कांदा लावायचा राहिलेला तुकडा आहे, कडेला गवत. जागा नकाशावर हिरव्यात आहे, ठाण्यात सांगूनही आलो होतो. सकाळी सात, पान हलत नव्हतं. रिमोट बंद केल्यावर मोटार थांबते का, स्टिकप्रमाणे रडर हलतो का, सगळं तिने वहीतून वाचत तपासलं. चुलतभावाने समोर, सरळ रेषेत सोडलं. तिसऱ्या प्रयत्नात ते उडालं. मंडळी, ते खरंच उडालं. तिने दोन फेऱ्या मारल्या, तिसऱ्या वळणावर ते आमच्याकडे तोंड करून आलं आणि आमच्या डावीकडचा पंख झुकला. मी श्वास धरून होते. तिने स्टिक डावीकडेच नेली आणि पंख उचलला गेला. उतरताना नाकावर टेकलं, प्रॉपेलर मोडला, रबरबँड सुटून पंख बाजूला पडला, बाकी काही झालं नाही.

एक अडचण आहे. थ्रॉटल वाढवला की विमान नाक वर करतं, एकदा तर जवळजवळ उभं राहिलं. आणि तेव्हाच डावीकडेही ओढतं. थ्रॉटल कमी केला की ठीक. तिला सारखी स्टिक पुढे दाबून धरावी लागते. बॅटरी अजून पुढे सरकवू का?

साधा_स्क्रू

वाचून फार बरं वाटलं, ताई. तिला माझ्याकडून शाबासकी सांगा, तो डावा पंख उचलणं ही सोपी गोष्ट नव्हे.

बॅटरीला हात लावू नका. मोटार बंद असताना विमान सरळ, सावकाश खाली येतं ना? मग वजनाचा मध्य बरोबर आहे. दोष मोटारीच्या कोनात आहे. तुमचा पंख वर आहे आणि मोटार त्याच्या खालच्या पातळीवरून ओढते, त्यामुळे जोर वाढला की नाक उचललं जातं. मोटारीचं तोंड किंचित खाली वळवा. माउंटच्या वरच्या दोन स्क्रूंमागे, माउंट आणि फळी यांच्या मध्ये, एकेक वॉशर घाला. डावीकडची ओढ पात्याच्या फिरण्यामुळे आहे, त्यासाठी विमानाच्या मागून बघताना डावीकडच्या वरच्या स्क्रूला अजून एक वॉशर, म्हणजे तोंड थोडं उजवीकडे वळेल. एका वेळी एकच वॉशर वाढवा आणि उडवून बघा. सरळ, मध्यम उंचीवर असताना थ्रॉटल द्यायचा आणि नाक काय करतं ते बघायचं.

गोदाकाठची

वरच्या दोन स्क्रूंमागे एकेक, डावीकडे आणखी एक. वॉशर माझ्या शिलाई मशीनच्या डब्यातच सापडले. आज सकाळी पूर्ण थ्रॉटलवरही ते थोडंसंच चढतं, डावीकडची ओढ गेली. सहा मिनिटांचा गजर वाजेपर्यंत उडवलं आणि तीन वेळा उतरवलं, त्यातलं एक अगदी आमच्या पायांपाशी. प्रॉपेलर शाबूत. मोबाईलवाला दादा आला होता, शेवटची फेरी त्याने मारली.

आता ती पंखाला एलेरॉन कापू का विचारतेय. कडेपासून किती सेंमी आत कापायचं आणि सर्व्हो एक लावायचा की दोन, एवढं सांगाल?